घरदार आवरून परदेशी जाताना

परदेशी कायमचं स्थायिक होणं ही एक गोष्ट, आणि तीन-चार वर्षं राहून परत येणं ही अगदी दुसरी. महाराष्ट्रातून आज जी तरुण कुटुंबं जर्मनी, ब्रिटन, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, अमेरिका किंवा आखाती देशांत जातात, त्यांतल्या कित्येकांच्या मनात दुसराच बेत असतो. करार ठरावीक मुदतीचा असतो, मुलं लहान असतात, आई-वडील इथेच असतात. तरीही निघताना आवराआवर होते ती मात्र कायमचं जायचं असल्यासारखी. फ्लॅट विकला जातो, खाती बंद होतात, विमा मोडला जातो, गाडी घाईघाईने कुणाला तरी दिली जाते. परत आल्यावर कळतं, की यातलं काही पैसे मोजून पुन्हा मिळतं, काही दुप्पट पैसे मोजून मिळतं आणि काही कितीही मोजले तरी मिळत नाही.

म्हणून निघण्याआधी प्रत्येक वस्तूला, खात्याला आणि कागदाला एकच प्रश्न विचारायला हवा: परत आल्यावर हे पुन्हा मिळवायचं तर काय लागेल? विकायचं काय आणि राखायचं काय, हे त्या उत्तरावर ठरवावं.

घर: विकावं की भाड्याने द्यावं?

सगळ्यांत मोठा निर्णय घराचा. घर विकून हाती येणारी रक्कम मोठी दिसते, पण परत आल्यावर तसंच घर घ्यायचं तर नव्या किमतीशिवाय आणखी खर्च असतो, तो त्या वेळी डोळ्यांसमोर नसतो. पुण्यात घर घेताना मेट्रो अधिभार धरून ७ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, मुंबईत ६ टक्के. वर नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे पुण्यातल्या ८० लाखांच्या फ्लॅटवर ५ लाख ९० हजार रुपये केवळ सरकारी शुल्कापोटी जातात. दलाली, वकील, घराची दुरुस्ती हे आणखी वेगळं.

भाड्याने देण्यातही कष्ट आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नुसत्या नोटरीवर भागवू नये. सोसायटी बिगरवहिवाट शुल्क आकारते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असा नियम २००१ पासून आहे. आणखी एक गोष्ट बहुतेक भाडेकरूंना ठाऊक नसते. घरमालक अनिवासी झाला, की भाडेकरूने भाड्यातून उपकरासह ३१.२ टक्के कर कापून सरकारजमा करायचा असतो. घरमालकाचा प्रत्यक्ष कर कमी होत असेल, तर विवरणपत्र भरून परतावा मिळतो. हे भाडेकरूला आधीच समजावून सांगितलं आणि करारात लिहिलं, तर पुढचे वाद टळतात.

माझं मत स्पष्ट आहे. मुक्काम तीन वर्षांच्या आतला असेल, गृहकर्जाचा हप्ता परवडत असेल आणि घराकडे लक्ष ठेवणारं विश्वासाचं माणूस जवळ असेल, तर घर विकू नये. घर लहान पडू लागलं होतं, हप्त्याने कंबर मोडली होती, किंवा परत आल्यावर दुसऱ्याच शहरात राहायचं आहे, असं काही असेल तर जरूर विकावं. परदेशी जाणं हे एवढंच कारण घर विकायला पुरेसं नाही.

विकायचंच असेल, तर तारीख पाहा

घर कधी विकलं यावर कर किती पडेल हे ठरतं. २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ताब्यात असलेल्या घराच्या नफ्यावर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा कर लागतो. २३ जुलै २०२४ पासून त्याचा दर साडेबारा टक्के आहे, आणि महागाई निर्देशांकाप्रमाणे खरेदी किंमत वाढवून घेण्याची सवलत काढून टाकली आहे. मात्र त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला निवड दिलेली आहे: साडेबारा टक्के निर्देशांकाशिवाय, किंवा २० टक्के निर्देशांकासह. ही निवड अनिवासी व्यक्तीला नाही.

फरक किती पडतो ते पाहू. २०१५-१६ मध्ये ५० लाखांना घेतलेलं घर २०२५-२६ मध्ये ९० लाखांना विकलं. नफा ४० लाख, त्यावर साडेबारा टक्क्यांनी कर ५ लाख. निर्देशांक २०१५-१६ मध्ये २५४ होता, २०२५-२६ मध्ये ३७६. त्या हिशेबाने खरेदी किंमत सुमारे ७४ लाख धरली जाते, नफा १६ लाखांवर येतो आणि २० टक्क्यांनी कर सुमारे ३ लाख २० हजार होतो. उपकर न धरताही जवळपास १ लाख ८० हजारांचा फरक.

आता खरी मेख. आयकरासाठी तुम्ही निवासी की अनिवासी, हे विक्रीच्या दिवशी ठरत नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या पूर्ण आर्थिक वर्षासाठी ते एकदाच ठरतं. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर तो सबंध वर्षासाठी अनिवासी ठरतो. म्हणजे मे महिन्यात घर विकलं आणि ऑगस्टमध्ये विमानात बसलात, तर विकताना इथेच असूनही त्या वर्षीच्या कराच्या हिशेबात तुम्ही अनिवासी. घर आदल्या ३१ मार्चपूर्वी विकलं असतं, तर निवड हाती राहिली असती. उलट पगाराच्या बाजूने पाहिलं, तर २८ सप्टेंबरपर्यंत निघालेल्याचे भारतातले दिवस १८१ भरतात आणि त्या वर्षाचा परदेशी पगार भारतात करपात्र होत नाही. दोन्ही हिशेब एकत्र मांडूनच निघण्याची तारीख ठरवावी, आणि त्यासाठी सनदी लेखापालाकडे तिकीट काढण्यापूर्वी जावं.

अनिवासी झाल्यावर विकलं, तर आणखी एक अडचण येते. निवासी विक्रेत्याचं घर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं असेल, तर खरेदीदार १ टक्का कर कापतो. विक्रेता अनिवासी असेल, तर दीर्घ मुदतीच्या नफ्याच्या दराने, वर अधिभार आणि उपकर धरून, कपात होते. आणि आयकर विभागाकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नसेल, तर ती व्यवहारात पूर्ण किमतीवर होते. ९० लाखांच्या घरावर ९० हजारांऐवजी सव्वाअकरा लाखांहून जास्त रक्कम परतावा मिळेपर्यंत अडकून पडते.

नफा नव्या घरात गुंतवला, तर कर वाचतो. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षं नंतर घर खरेदी करता येतं, किंवा तीन वर्षांत बांधता येतं. पण ते घर भारतातच असायला हवं. परदेशात घेतलेल्या घराला ही सवलत नाही. दुसरा मार्ग ठरावीक रोख्यांचा: सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत रक्कम गुंतवायची, आणि ती पाच वर्षं अडकते.

गृहकर्ज फेडून घर विकत असाल, तर बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

शेतजमिनीला हात लावू नका

गावाकडची एक-दोन एकर जमीन विकून परदेशातली सुरुवातीची घडी बसवावी, हा विचार अनेकांच्या मनात येतो. माझी कळकळीची विनंती आहे, की तो बाजूला ठेवा. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच शेतजमीन विकत घेता येते. सातबाऱ्यावरचं तुमचं शेवटचं नाव गेलं, की शेतकरी ही ओळखही जाते. अनिवासी भारतीयाला तर परकीय चलन कायद्याप्रमाणे शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेताच येत नाही. मात्र आधीपासून नावावर असलेली किंवा वारशाने आलेली जमीन ठेवायला हरकत नाही. फ्लॅट विकला तर महाग का होईना, दुसरा मिळतो. शेतजमिनीचं तसं नाही. निघण्यापूर्वी सातबारा आणि आठ-अ चे उतारे काढा, वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे ती करून घ्या, आणि कसणाऱ्याशी व्यवहार लेखी करा.

खाती, फोन आणि विमा

नोकरीसाठी देश सोडला, की परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ प्रमाणे तुम्ही निघाल्यापासूनच अनिवासी. इथे १८२ दिवसांची वाट पाहिली जात नाही. साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ प्रकारात बदलून घ्यावं लागतं. भाडं, लाभांश, घरविक्रीची रक्कम अशी भारतातली आवक या खात्यात येते, व्याजावर कर लागतो, आणि करपूर्तीनंतर आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. परदेशातल्या कमाईसाठी एनआरई खातं वेगळं उघडावं. त्यातलं व्याज भारतात करमुक्त असतं आणि पैसा केव्हाही मोकळेपणी बाहेर नेता येतो. पीपीएफ बंद करायची गरज नाही. आधीचं खातं १५ वर्षांची मुदत पुरी होईपर्यंत चालवता येतं, फक्त पुढे मुदतवाढ मिळत नाही आणि नवं खातं उघडता येत नाही.

अमेरिकेत जाणाऱ्यांनी एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवावी. भारतातल्या सगळ्या खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली, तर तिथल्या सरकारला त्याची माहिती द्यावी लागते. न दिल्यास दंड जबर असतो. भारतातल्या म्युच्युअल फंडांवरही तिथे वेगळा, जाचक कर लागतो.

मोबाइल नंबर सोडू नका. बँक, आधार, आयकर, शेअर या सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. ९० दिवस वापर झाला नाही तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, म्हणून थोडा रिचार्ज आणि अधूनमधून वापर चालू ठेवा.

आरोग्य विम्याबद्दल तर आग्रहाने सांगावंसं वाटतं. परदेशात तो सहसा कामाला येत नाही, म्हणून लोक मोडतात. पण भारतात नव्याने विमा घेताना आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि पॉलिसी सलग ६० महिने चालली असेल तर फसवणुकीखेरीज दुसऱ्या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. ही सलगता एकदा तुटली, की वय वाढलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रक्कम कमी करा, पण पॉलिसी चालू ठेवा.

गाडी, दागिने, भांडीकुंडी

गाडी विकल्यावर नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री करूनच निघा. कागदोपत्री ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. सोनं सोबत नेत असाल, तर जाताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परत आणताना शुल्काचा प्रश्न येत नाही.

मिक्सर नेण्यापूर्वी वीज पाहा. भारतात आणि युरोपात २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. कुकर, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा जरूर न्या. मात्र ऑस्ट्रेलियात लाकडी वस्तू आणि खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावे लागतात, बियाणं आणि ताजी फळं नेऊच नयेत. बाकीचं सामान वाटून टाकताना सढळ हात ठेवावा. पलंग, कपाट, फ्रिज चार वर्षांनी पुन्हा घेता येतात आणि ते साठवायला गोदामाचं भाडं भरण्यात अर्थ नाही. देव्हाऱ्यातले देव, जुने फोटो, मुलांच्या पहिल्या वह्या मात्र भावाकडे किंवा आई-वडिलांकडे आधी पोचवा, मग बाकीच्या पसाऱ्याला हात घाला.

कागदपत्रं

जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र आणि पदव्या या तिन्हींवर परदेशात सगळं अवलंबून असतं. नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर पासपोर्टाप्रमाणेच हवं. परदेशात मान्यतेसाठी १९६१ च्या हेग करारातली अपोस्टिल पद्धत भारतात २००५ पासून लागू आहे. आधी राज्य शासनाच्या संबंधित विभागाकडून पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा तो क्रम आहे. जिथे ती मान्य नाही, तिथे त्या देशाच्या दूतावासाकडून साक्षांकन करावं लागतं. त्यामुळे ज्या देशात जायचं त्याची पद्धत आधी विचारा आणि हातात भरपूर आठवडे ठेवा.

लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तेव्हा मुदत निघण्याआधी तपासा. परदेशात मूल जन्मलं, तर एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्मनोंद करावी. त्याचं भारतीय नागरिकत्व त्यावर अवलंबून असतं. मतदार यादीत नाव राखण्यासाठी अनिवासी भारतीयांना ६-अ क्रमांकाचा अर्ज आहे, मात्र मत द्यायला स्वतः केंद्रावर यावं लागतं.

तिथला खर्च आणि जोडीदाराची नोकरी

पगाराचा आकडा रुपयांत बदलून पाहणं फसवं असतं. ब्रिटनमध्ये व्हिसा शुल्काशिवाय आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो: प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. चौघांच्या कुटुंबाला तीन वर्षांचे १०,८६६ पौंड होतात. पौंड १०० रुपयांचा धरला तरी जवळपास ११ लाख, तेही विमानात बसण्यापूर्वी. जर्मनीत सरकारी आरोग्य विम्यात बिनकमाईचा जोडीदार आणि मुलं जास्तीचा हप्ता न भरता सामावतात, सरकारी शाळांना फी नाही. पण घराची अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत असते आणि पुष्कळ घरं स्वयंपाकघराच्या सामानाशिवाय रिकामी मिळतात. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही, पण परदेशी कुटुंबांची मुलं मुख्यतः खासगी शाळांत जातात आणि तिथली फी घरखर्चातला मोठा भाग खाते.

त्याहून मोठा प्रश्न जोडीदाराच्या कामाचा. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदाराला आणि जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला नोकरीची मुभा असते. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला ती सहसा नसते. ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत पुढे गेलेल्या काहींनाच २०१५ पासून परवाना मिळतो. इथे दोघं कमावत असतील आणि तिथे एकाला घरी बसावं लागणार असेल, तर तो निर्णय दोघांनी समोरासमोर बसून, मोकळेपणाने बोलून घ्यावा. बहुतेक घरांत नोकरी सोडावी लागते ती बाईला. चार वर्षांचा खंड पडलेली तिची कारकीर्द हा खर्चच आहे, आणि तो हिशेबात मांडलाच पाहिजे.

मुलांची शाळा, मुलांची मराठी

मूल सहा-सात वर्षांचं असेल, तर नवी भाषा ते भराभर उचलतं. जर्मनीत सहाव्या वर्षापासून शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरी शिकवण्याची मुभा नाही. नव्याने आलेल्या मुलांसाठी अनेक ठिकाणी भाषेचे वेगळे वर्ग असतात. धोका असतो तो मराठीला. सहा वर्षांचं मूल मराठी बोलतं, पण देवनागरी वाचायला नुकतंच लागलेलं असतं. चार वर्षांनी ते परत येईल तेव्हा इथे मराठी विषय असेलच, कारण २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. रोज घरी मराठीच बोलावी, रोज दहा मिनिटं वाचून घ्यावं, जवळच्या मराठी शाळेत नाव घालावं. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांचं जाळं आहे, लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभं आहे, आणि अनेक शहरांत पालक स्वतः शनिवार-रविवारी वर्ग घेतात.

शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीसह जपून ठेवा; पुढे जन्मतारीख, जात आणि रहिवास यांसाठी तो लागतो. मूल आठवी-नववीत असेल, तर परतण्याचं वर्ष आत्ताच ठरवा. वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या जागांसाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणं आणि अधिवास लागतो. मधली दोन वर्षं चुकीच्या जागी पडली, तर ती भरून निघत नाहीत.

आई-वडील

आई-वडिलांच्या निवासी बचत खात्यात अनिवासी मुलाला ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीने सहखातेदार होता येतं. ते निघण्याआधी करून घ्या. घर, बँक, वीज, सोसायटी यांसाठी ज्याला मुखत्यारपत्र द्याल, त्यात नेमके अधिकार लिहा आणि ते नोंदवून घ्या. केवळ मुखत्यारपत्रावर घराची मालकी बदलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे, तेव्हा तशी विक्री कुणी सुचवली तर नकार द्या. आई-वडिलांचा आरोग्य विमा, औषधांची यादी, डॉक्टरांचे नंबर, मध्यरात्री दारात येऊ शकेल असा शेजारी किंवा नातेवाईक, हे सगळं एका कागदावर लिहून त्यांच्याकडे आणि स्वतःकडे ठेवा. आणि त्यांना परतीचं वर्ष सांगा. वाट पाहणाऱ्या माणसाला तारीख माहीत असली, की मोठा आधार असतो.

शेवटी क्रम महत्त्वाचा. वर्षभर आधी कर आणि घराचा निर्णय, सहा महिने आधी कागदपत्रं आणि मुलांची शाळा, तीन महिने आधी बँक, विमा आणि मुखत्यारपत्र, शेवटच्या महिन्यात सामान. आपण नेमकं उलटं करतो, बॅगांच्या वजनाची चिंता सहा महिने करतो आणि कराचा विचार विमानात बसल्यावर. परदेशातली चार वर्षं तरुण कुटुंबाला खूप काही देऊ शकतात. जरूर जा. पण शेतजमीन, सलग विमा, मुलांची मराठी आणि दहावीचं वर्ष या चार गोष्टी विकू नका, मोडू नका, सोडू नका.